प्रवाळ नको, चुनखडी विका

खाऱ्या पाण्याची टाकी सजवायला गिऱ्हाईक प्रवाळ मागते. पण २००१ पासून प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. ते विकणे गुन्हा आहे. शोभेचे मासे विकणाऱ्या बांधवांना आम्ही चुनखडीचा दगड सुचवतो.

शहाबादी फरशी घट्ट असते, पोरबंदरी दगड सच्छिद्र. त्या छिद्रांत वाढणारे जिवाणू माशांच्या घाणीतला विषारी अमोनिया नायट्रेटमध्ये बदलतात. ओळख सोपी: सिरक्याचा थेंब टाकताच फेस येतो.

दगडामुळे पाणी आपोआप सुधारते, असे मात्र सांगू नका. समुद्राच्या पाण्यात तो जवळजवळ विरघळत नाही. जिवाणू जमायला चार ते सहा आठवडे लागतात. त्याआधी मासे सोडले तर मरतात. हे गिऱ्हाइकाला आधीच सांगावे. विक्री थोडी लांबेल, पण बरकत खऱ्या बोलण्यातच आहे.