हळदीचं दूध आणि मिठाचं पाणी

शिंका सुरू झाल्या की आमच्या मुलुंडच्या घरात आधी गवती चहा उकळतो, मग हळदीचं दूध. हळदीतलं कर्क्युमिन रक्तात फारसं उतरतच नाही. मिरपूड टाकली तर थोडं जास्त. घसा शेकतो, तेवढं खरं. रोज क जीवनसत्त्व घेणाऱ्या मोठ्या माणसांची सर्दी सुमारे ८ टक्के लवकर आटोपते, म्हणजे आठवड्यातला जेमतेम अर्धा दिवस! पावसाळ्यात दमट गाद्यांत वाढणाऱ्या धूळकिड्यांची ॲलर्जी असेल, तर जलनेती कामाची. कोमट मिठाचं पाणी एका नाकपुडीतून शिरतं, दुसरीतून शेंबडासकट ॲलर्जीचे कण घेऊन बाहेर पडतं. पाणी मात्र उकळून निववलेलंच हवं. थेट नळाच्या पाण्यातून नेग्लेरिया नावाचा अमीबा नाकावाटे मेंदूपर्यंत पोचू शकतो. क्वचितच, पण जिवावर बेततं.