बारावीला कमी मार्क पडले, तरी नर्सिंगला प्रवेश मिळतो का?

बारावीचा निकाल लागतो. मोबाईलवर 43 टक्के दिसतात आणि घरात शांतता पसरते. 'आता नर्सिंग विसर' असं कुणीतरी म्हणून टाकतं. त्याच आठवड्यात एखाद्या एजंटचा फोन येतो, 'मार्कांचं टेन्शन घेऊ नका, सीट मिळवून देतो.'

या दोन्ही सल्ल्यांवर विश्वास ठेवण्याआधी नियम काय सांगतो, हे बघायला हवं.

कोणते मार्क मोजले जातात?

चार वर्षांच्या बी.एस्सी. नर्सिंगसाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय लागतात. भारतीय परिचर्या परिषदेच्या नियमानुसार यातल्या पहिल्या तीन विषयांत, म्हणजे पीसीबीमध्ये मिळून 45 टक्के हवेत. अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागास प्रवर्गांसाठी ही अट 40 टक्के आहे. इंग्रजीत पास असणं सक्तीचं आहे.

म्हणजे एकूण टक्केवारी इथे बघितली जात नाही. समजा, एका मुलीला भौतिकशास्त्रात 36, रसायनशास्त्रात 41 आणि जीवशास्त्रात 61 मार्क आहेत. बेरीज 138, म्हणजे 300 पैकी 46 टक्के. गणित आणि भाषांमुळे तिची एकूण टक्केवारी 43.5 वर आली असली, तरी ती पात्र ठरते.

त्यामुळे निकाल हातात आला की आधी या तीन विषयांची बेरीज करा. खुल्या प्रवर्गासाठी 135 आणि आरक्षित प्रवर्गासाठी 120 हा आकडा गाठला, की पहिलं दार उघडतं.

मग सीट कशावर मिळते?

महाराष्ट्रात बी.एस्सी. नर्सिंगसाठी राज्य सीईटी कक्ष स्वतंत्र प्रवेश परीक्षा घेतो. गुणवत्ता यादी या सीईटीच्या गुणांवर लागते. पात्रतेची अट पार केल्यावर बारावीचे 46 टक्के आणि 86 टक्के जवळपास एकाच रांगेत येतात. बारावीत मागे पडलेल्यांसाठी ही मोठी संधी आहे.

इथे पर्सेंटाईल आणि टक्के यांची गल्लत होते. 50 पर्सेंटाईल म्हणजे 100 पैकी 50 मार्क नव्हेत, तर परीक्षेला बसलेल्यांपैकी निम्मे विद्यार्थी तुमच्या बरोबरीने किंवा मागे आहेत. पेपर अवघड गेला आणि मार्क कमी आले, तरी पर्सेंटाईल चांगलं असू शकतं.

45 टक्केही नसतील तर?

तीन मार्ग आहेत.

पहिला, श्रेणीसुधार. पास झालेल्या विद्यार्थ्यांना राज्य मंडळाची परीक्षा पुन्हा देऊन मार्क वाढवता येतात. मात्र यासाठी मर्यादितच संधी मिळतात. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा: लष्कराच्या नर्सिंग सेवेसाठी बारावी पहिल्याच प्रयत्नात किमान 50 टक्क्यांनी पास असण्याची अट असते. तिथे श्रेणीसुधाराचा उपयोग होत नाही.

दुसरा, जीएनएम. हा तीन वर्षांचा डिप्लोमा आहे. कला आणि वाणिज्य शाखेचे विद्यार्थीही यासाठी अर्ज करू शकतात. बारावीला एकूण 40 टक्के आणि इंग्रजीतही 40 टक्के हवेत. अनुसूचित जाती, जमातींना यात 5 टक्क्यांची सूट आहे. जीएनएम झालेल्यांचीही नोंदणीकृत परिचारिका म्हणूनच नोंद होते. पुढे दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग करता येतं आणि तिथून एम.एस्सी.चा रस्ताही खुला होतो. वेळ एक वर्ष जास्त जातो, पण पदवी तीच हाती येते.

तिसरा, एएनएम. हा मुलींसाठी असलेला दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. कोणत्याही शाखेतून बारावी पास असलं तरी चालतं. गावातल्या उपकेंद्रात लसीकरण आणि गरोदर मातांची तपासणी करणाऱ्या आरोग्यसेविका हेच शिक्षण घेऊन आलेल्या असतात.

फसवणूक कुठे होते?

कमी मार्कांची भीती हेच एजंटचं भांडवल असतं. सहा महिन्यांचा 'नर्सिंग असिस्टंट' किंवा 'पेशंट केअर' कोर्स नर्सिंग म्हणून खपवला जातो. त्या प्रमाणपत्रावर महाराष्ट्र परिचर्या परिषदेत परिचारिका म्हणून नोंदणी होत नाही आणि नोंदणीशिवाय परिचारिकेची सरकारी नोकरी मिळत नाही. दागिने गहाण ठेवून भरलेली फी वाया जाते.

दुसरी अडचण मॅनेजमेंट कोट्याची. 2024 च्या शासन निर्णयानुसार आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे. पण प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून झालेला असावा लागतो. घाईने मॅनेजमेंट कोट्यातून प्रवेश घेतला, तर ही सवलत जाते.

आता काय करायचं?

- पीसीबीची बेरीज करा आणि इंग्रजीचे मार्क वेगळे बघा.
- सीईटीच्या अर्जाची तारीख बारावीच्या निकालाआधीच निघून जाते. त्यामुळे निकालाची वाट बघू नका.
- कॉलेजला परिचर्या परिषदेची त्या वर्षीची मान्यता आहे का, ते परिषदेच्या वेबसाईटवरच्या यादीत तपासा. कॉलेजच्या माहितीपत्रकावर विसंबू नका.
- जातवैधता, नॉन क्रीमिलेअर, अधिवास आणि वर्ष वाया गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र आधीच काढून ठेवा. मार्क पुरेसे असूनही कागदाअभावी सीट गेल्याची उदाहरणं कमी नाहीत.
- मुळात कॅपच्या सगळ्या फेऱ्या संपेपर्यंत थांबा. शेवटच्या फेऱ्यांत जागा रिकाम्या राहतात आणि काही वर्षी पर्सेंटाईलची अटही शिथिल केली जाते.

43 टक्क्यांवर दार बंद होत नाही. फक्त कोणतं दार आपल्यासाठी उघडं आहे, ते एजंटला विचारण्याआधी नियमात शोधायला हवं.