बागेतले बाकडे आणि पाण्याखालचे वाडे

भिगवण : उन्हाळा तापू लागला आणि उजनीचा पाणीसाठा 'उणे' झाला, की पळसदेवच्या पळसनाथ मंदिराचे शिखर हळूहळू पाण्याबाहेर येते. पाठोपाठ जुन्या गावठाणांची जोती, ढासळलेल्या भिंती, वाड्यांच्या पायऱ्या उघड्या पडू लागतात. २०२४ च्या उन्हाळ्यात साठा उणे ५० टक्क्यांच्याही खाली गेला, तेव्हा हे अवशेष पाहण्यासाठी पुण्या-सोलापुरातून गाड्या भरून माणसे आली. त्यांत छायाचित्रकार होते, पक्षीनिरीक्षक होते आणि काठावर नुकतेच फार्महाऊस बांधलेली मंडळीही होती. या शेवटच्या गटाचा एक प्रश्न काठावरच्या गावांत हमखास ऐकू येतो : 'बागेत ठेवायला जुने बाकडे, एखादा खांब किंवा दगड मिळेल का?'

प्रश्न साधा वाटला, तरी त्याचे उत्तर साधे नाही. बागेसाठी जुने आसन निवडताना लाकूड-लोखंडाची पारख लागतेच. पण उजनीकाठी ती वस्तू कोणाची होती आणि कोठून आली, हेही पाहावे लागते.

'उणे साठा' हा शब्दप्रयोग अनेकांना बुचकळ्यात टाकतो. उजनीची एकूण साठवणक्षमता सुमारे ११७ टीएमसी. त्यातील सुमारे ६४ टीएमसी मृतसाठा आणि उरलेला सुमारे ५४ टीएमसी उपयुक्त साठा. उपयुक्त साठा संपला, की पुढची घट उणे टक्केवारीत मोजतात. एकूण साठ्यातील निम्म्याहून अधिक भाग मृतसाठा असल्यामुळे एरवी चार-चार वर्षे पाण्याखाली असलेली गावे दुष्काळी सालात दिसू लागतात. धरणाचे काम १९६६ मध्ये सुरू झाले आणि १९८० मध्ये पूर्ण झाले. दरम्यानच्या काळात करमाळा, माढा, इंदापूर, दौंड आणि कर्जत या तालुक्यांतील गावे उठली. लोहमार्गही बाजूला हलवावा लागला. डिकसळचा ब्रिटिशकालीन रेल्वेपूल त्यानंतर रस्त्याच्या वाहतुकीला उपयोगी पडला.

गाव उठताना माणसे घर उचलून नेऊ शकत नाहीत, पण घराचे लाकूड नेऊ शकतात. सागवानी तुळया, खांब, चौकटी, फळ्या उतरवून नव्या गावठाणात नेल्या गेल्या आणि पत्र्याच्या किंवा धाब्याच्या घरांत बसविल्या गेल्या. आता ती घरेही पडून तेथे सिमेंटची घरे उभी राहत आहेत. त्यामुळे दोनदा उतरविलेले हे लाकूड तिसऱ्यांदा बाजारात येते आणि त्याची बाकडी, झोपाळे, टेबले होतात. या लाकडाला रीतसर मालक असतो आणि ते उघडपणे विकत घेता येते. तळातून वर आलेल्या दगड-लाकडाचे तसे नाही. बुडीत क्षेत्रातील जमीन शासनाने संपादित केलेली आहे. तेथील पायरी किंवा खांब 'बेवारस पडलेला दिसला' म्हणून टेम्पोत घालण्याचा अधिकार कोणालाही नाही.

येथे कायद्याचाही संबंध येतो. १९७२ च्या पुरावशेष व बहुमोल कलाकृती अधिनियमानुसार शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू पुरावशेष ठरते; एवढेच नव्हे, तर तेवढ्या जुन्या इमारतीतून सुटा केलेला भागही त्या व्याख्येत येतो. दगडी शिल्पासारख्या काही प्रकारांची नोंदणी बंधनकारक असून पुरावशेषांच्या व्यापाऱ्याला परवाना लागतो. तेव्हा कोरीव दगड दिसला, की हात आखडता घ्यावा. वीरगळ किंवा सतीशिळा आडवी टाकून तिचे आसन केलेले काही बागांत आढळते. लढाईत पडलेल्या कोणा वीराच्या स्मारकावर बसून चहा पिण्यात कसली रसिकता आहे, हे या प्रतिनिधीला आजवर उमगलेले नाही. असा दगड आढळल्यास जागेवरच ठेवून तहसील कार्यालयाला किंवा पुरातत्त्व विभागाला कळवावे.

आता रीतसर विकत घेण्याच्या वस्तूंकडे वळू. उघड्यावर ठेवण्यासाठी जुन्या सागवानाला तोड नाही. सागाच्या गाभ्यात नैसर्गिक तेल असते, त्यामुळे पावसात ते सहजी कुजत नाही आणि वाळवीही त्याला उशिरा लागते. मात्र हा गुण गाभ्याचा आहे. कडेचे फिकट पांढुरके लाकूड मऊ असते आणि भुंगा आधी तेथेच शिरतो. बाकडे उलटे करून पाहावे. वरून गडद पॉलिश चढविलेल्या फळीची खालची बाजू सहसा खरे बोलते. तेथे फिकट पट्टे, बारीक भोके किंवा पिठासारखा भुसा दिसला, तर वस्तू नाकारावी. पाय, हात आणि बैठक यांचे सांधे साल-कुसूचे आहेत की नुसते खिळे ठोकून जोडलेले, हेही पाहावे. साल-कुसूचा सांधा ढिला झाला तरी सुतार तो पुन्हा आवळू शकतो. खिळ्याने फाटलेले लाकूड सांधता येत नाही.

वय ओळखण्याच्या काही खुणा आहेत. हाताने घडविलेला खिळा चौकोनी असतो, तारेचा खिळा गोल. फुलीच्या खाचेचा स्क्रू १९३० च्या दशकानंतर प्रचारात आला. तोच स्क्रू 'दीडशे वर्षांच्या' बाकड्यात दिसला, तर निदान दुरुस्ती तरी अलीकडची समजावी. हातकरवतीच्या रेघा सरळ पण असमान असतात, गोल करवतीच्या रेघा कमानदार. झीजही योग्य जागीच हवी. हाताच्या टोकाला, बैठकीच्या पुढच्या कडेला आणि पाय टेकतात त्या दांडीला ती असते. पाठीमागे, जिथे कोणाचा हात पोहोचत नाही तिथेही सारखीच झीज असेल, तर ती कानसेची करामत होय.

किमतीबाबत घनफुटाचा हिशेब फार उपयोगी पडतो. जुने सागवान वखारीत घनफुटाने विकले जाते. पाच फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड इंच जाड बैठकीत जेमतेम ०.९४ घनफूट लाकूड भरते. पाय आणि पाठ धरून एकूण लाकूड मोजावे, वखारीतल्या दराने गुणावे आणि सुताराची मजुरी मिळवावी. विक्रेत्याने सांगितलेल्या आकड्यातून ही रक्कम वजा केली, की जे उरते ती 'जुनेपणा'ची किंमत. ती द्यायची की नाही, हे मग डोळसपणे ठरविता येते. पुण्यातील जुना बाजार बुधवारी व रविवारी भरतो. तेथे दोन-तीन फेऱ्या मारल्या तरी नजर तयार होऊ लागते.

पाण्यातून निघालेल्या लाकडाच्या मोहात मात्र पडू नये. सतत गाळाखाली राहिलेले लाकूड प्राणवायूअभावी टिकते, पण ते उन्हात एकदम सुकले, की आकसते आणि उभे चिरते. कधी पाण्यात तर कधी उन्हात राहिलेल्या लाकडाची अवस्था याहून वाईट असते.

जुन्या रेल्वे फलाटांची आठवण करून देणारी, बिडाचे पाय आणि सागाच्या पट्ट्या असलेली बाकडी बागेत शोभतात. बीड ठिसूळ असते. ते पडले तर वाकत नाही, तडकते. आणि साधे वेल्डिंग त्याला धरत नाही. म्हणून पायांवर बोटाच्या टिचकीने आवाज घेऊन पाहावा. बद्द आवाज आला, तर रंगाखाली तडा शोधावा. चुंबक चिकटला नाही, तर तो ओतीव ॲल्युमिनियमचा नवा नमुना समजावा. जुन्या रंगाचे पापुद्रे मात्र घरी कोरडे घासू नयेत. जुन्या रंगांत शिसे असण्याची शक्यता असते. घरगुती रंगांतील शिशाची ९० पीपीएम ही मर्यादा आपल्याकडे २०१७ पासून लागू झाली. लहान मुले असलेल्या घरात तर हे काम ओले करून, तोंड झाकून आणि मोकळ्या जागेतच करावे.

वेताच्या आरामखुर्च्या ओसरीतच बऱ्या. झोपाळा मोकळ्यावर टांगायचा असेल, तर फळीपेक्षा कड्यांची झीज आधी पाहावी.

सोलापूरच्या उन्हात जागेची निवडही तितकीच महत्त्वाची. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. तेव्हा काळ्या दगडावर आणि लोखंडावर सायंकाळी पाचपर्यंत बसवत नाही. कडुनिंबाच्या किंवा चिंचेच्या पूर्वेला आसन ठेवल्यास दुपारनंतर सावली मिळते. लाकडी पाय थेट मातीत टेकवू नयेत. प्रत्येक पायाखाली फरशीचा तुकडा असावा. व्हार्निश उन्हाने पापुद्र्यांत निघते, त्याऐवजी पावसाळ्यापूर्वी आणि नंतर जवसाचे तेल पुसावे. काहीच लावले नाही, तरी सागवान रुपेरी करडे होते. तो रंग वाईट नसतो.

ज्यांना दगडच हवा, त्यांच्यासाठी एक जुनाच मार्ग आहे. या गावांतले सर्वांत जुने उघड्यावरचे आसन म्हणजे पार. पाथरवटाकडून नवा काळा दगड घडवून घ्यावा, झाडाभोवती सुमारे दीड फूट उंचीचा पार बांधावा आणि बुंध्याला वाढायला जागा सोडावी. त्यासाठी कोणाच्या वाड्याची पायरी उखडावी लागत नाही.

पुनर्वसित गावातून बाकडे किंवा खांब घेतला, तर पावतीवर त्या घराचे मूळ गाव लिहून घ्यावे. शक्य असल्यास बैठकीच्या खालच्या बाजूला, पावसाचे पाणी लागणार नाही अशा जागी, तेलरंगाने ते नाव आणि खरेदीचे साल लिहून ठेवावे.