पीएसडी-९५ : पडद्यामागचं प्रथिन

मेंदूच्या गोष्टीत सगळं कौतुक संदेश पकडणाऱ्या रिसेप्टरांच्या वाट्याला येतं. मला मात्र त्यांना जागेवर धरून ठेवणारं पीएसडी-९५ जास्त भावतं. हे प्रथिन स्वतः कुठलीच रासायनिक क्रिया घडवत नाही. योग्य मंडळींना शेजारी-शेजारी आणून बसवणं, एवढंच त्याचं काम!

सायनॅप्सच्या, म्हणजे दोन चेतापेशींमधल्या सांध्याच्या, संदेश घेणाऱ्या बाजूला, पेशीपटलाला आतून ते चिकटलेलं असतं. त्याच्यावर पीडीझेड नावाचे तीन भाग आहेत आणि प्रत्येकात एक खाच. एनएमडीए रिसेप्टरच्या शेपटीची अगदी शेवटची काही अमिनो आम्लं या खाचेत घट्ट बसतात. नायट्रिक ऑक्साइड तयार करणारं एन्झाइमही पीएसडी-९५लाच धरून असतं. त्यामुळे रिसेप्टरमधून कॅल्शियम आत आलं, की ते एन्झाइम हाकेच्या अंतरावरच सापडतं. पेशीभर शोधाशोध नको.

गंमत त्याच्या दुसऱ्या टोकाला आहे. तिथला भाग ग्वानिलेट कायनेज या एन्झाइमसारखा दिसतो, पण ते काम त्याने केव्हाच सोडलंय. आता तो जीकेएपी या प्रथिनाला पकडतो. जीकेएपीला शँक, शँकला होमर, अशी साखळी आत उतरत जाते.

१९९८ साली पीएसडी-९५ बिघडवलेल्या उंदरांवरचा प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यांचे सायनॅप्स उलट जास्तच सहज बळकट होत होते, तरी शिकण्यात उंदीर मागे पडले! साखळीतला पुढचा दुवा बिघडला तरी तेच: माणसात शँक कुटुंबातल्या शँक३ जनुकाच्या दोनपैकी एक प्रत गेली, तरी फेलन-मॅकडर्मिड सिंड्रोम हा मेंदूच्या वाढीचा विकार होतो. उरलेली प्रत धडधाकट असते, पण निम्म्या शँक३वर भागत नाही.