मिळाल्यावरचं रितेपण

‘मिडलाइफ क्रायसिस’ हा शब्द तसा अलीकडचा. एलियट जॅक्स या मनोविश्लेषकाने १९६५ साली एका निबंधात तो वापरला आणि तिथून तो पसरला. आपल्याकडे वेगळा शब्द नव्हता, पण ‘आता काय राहिलंय?’ हे वाक्य परभणीत कुठल्याही पारावर ऐकू येतं. नोकरी लागली, घर झालं, वरचा मजला चढला, मुलं पुण्याला गेली. ज्यासाठी धावलो त्यातलं बरंचसं हाती आलं, आणि मन मात्र कशातच लागत नाही. मिळालं नसतं तर दुःख समजलं असतं. मिळाल्यावरचं हे रितेपण येतं कुठून?

इथे आपल्याला अ‍ॅरिस्टॉटल उपयोगी पडतो. काही क्रिया पूर्ण होण्यासाठीच असतात, असं तो म्हणतो. घर बांधणं घ्या. बांधून होईपर्यंत ते अपुरं, आणि झालं की बांधणं संपलं. पाहणं, विचार करणं यांचं तसं नाही. आपण पाहतो त्याच क्षणी पाहून झालेलं असतं, आणि तरी पाहणं चालूच राहतं. किरण सेटिया या तत्त्वज्ञाने २०१७च्या ‘मिडलाइफ’ या पुस्तकात हाच भेद मध्यमवयाला लावून दाखवला. आपण आयुष्याचा सगळा भार पहिल्या प्रकारावर टाकलेला असतो. मग दर यशाबरोबर, ज्यात जीव गुंतला होता तेच संपतं. म्हणून दुसरा प्लॉट घेऊन हे भागत नाही. तोही एक दिवस घेऊन होतो!

पण म्हणून नोकरी सोडून हिमालयात जायला नको. एकाच कामाला दोन्ही बाजू असतात. पोर्शन मार्चमध्ये संपतो, शिकवणं संपत नाही. मुलीचं लग्न एकदा होतं, तिच्याशी बोलणं कधीच ‘उरकत’ नाही. आपण मात्र तेही उरकायला बघतो.

आता आपल्या गंगाखेडच्या जनाबाई. नामदेवांच्या घरी दासी, वाट्याला दळण-कांडण. दळण आज झालं तरी उद्या पुन्हा आहेच. त्या कामासोबत तिने गायलं, आणि साडेतीनशेच्या आसपास अभंग आज तिच्या नावावर आहेत. उदाहरण सुंदर आहे, पण इथे जरा जपून. ‘बघा, जनाबाई दळताना गात होती, तुम्हीही कष्टात गोडी शोधा’ असं राबणाऱ्याला सांगणं हा चावटपणा आहे. दळण तिने निवडलेलं नव्हतं. गाणं तिचं स्वतःचं होतं. या दोन गोष्टी आपण एक करू नयेत. सोयाबीनला भाव नाही, डोक्यावर पीककर्ज आहे, त्या माणसाचं रितेपण अ‍ॅरिस्टॉटल भरून काढणार नाही. त्याला भावच लागेल.

आणि एक गोष्ट घरातली. पन्नाशीत नवऱ्याला भजनाची, फिरण्याची, वाचनाची गोडी लागते, तेव्हा आपण त्याला ‘वाढ’ म्हणतो. पण त्याच्या वाटणीचं काम तेवढ्यात बायकोकडे सरकलं असेल, तर तिच्या पन्नाशीचं काय? तिने कधी बसायचं? वानप्रस्थाच्या कल्पनेत हा प्रश्न फार जुना आहे. पुढच्या व्याख्यानात आपण तिथूनच सुरुवात करू.