पाचोळा की तापमान? ऑस्ट्रेलियातील वणव्यांचा वाद

ऑस्ट्रेलियात २०१९-२० च्या उन्हाळ्याला ‘ब्लॅक समर’, म्हणजे काळा उन्हाळा, हे नाव पडले आहे. त्या एका हंगामात देशभरात सुमारे २.४ कोटी हेक्टर जमीन वणव्यांखाली आली. महाराष्ट्राचे क्षेत्रफळ ३ कोटी हेक्टरच्या थोडे वर आहे, यावरून या आगीचा आवाका लक्षात येतो. आगीत ३३ माणसे दगावली आणि ३ हजारांहून अधिक घरे जळाली. धुराने चारशेहून अधिक बळी घेतल्याचा अभ्यासकांचा अंदाज आहे. जवळपास ३०० कोटी वन्यजीव मेले किंवा बेघर झाले. आग धुमसत असतानाच देशात वाद पेटला. दोष कुणाचा? जंगलात साठू दिलेल्या पाचोळ्याचा, की बदलत्या हवामानाचा?

आधी दुष्काळ, मग आग

या वणव्यांची सुरुवात ठिणगी पडण्याच्या जवळपास तीन वर्षे आधी झाली होती. २०१७ पासून आग्नेय ऑस्ट्रेलियात, विशेषतः मरे-डार्लिंग नद्यांच्या खोऱ्यात, हिवाळी पाऊस दगा देत होता. २०१९ हे वर्ष तर देशाच्या नोंदींतले सर्वांत उष्ण आणि सर्वांत कोरडे ठरले. सरासरी तापमान १९६१-९० च्या तुलनेत १.५२ अंश सेल्सिअसने जास्त होते आणि पाऊस सरासरीपेक्षा ४० टक्क्यांनी कमी. क्वीन्सलंडमधील स्टॅन्थॉर्प या गावाचे धरण आटले आणि जानेवारी २०२० पासून तिथे टँकरने पाणी आणावे लागले.

या कोरडेपणामागे हिंदी महासागराचाही हात होता. काही वर्षी आफ्रिकेच्या बाजूचे समुद्राचे पाणी नेहमीपेक्षा गरम आणि इंडोनेशियाच्या बाजूचे थंड होते. या स्थितीला ‘इंडियन ओशन डायपोल’ची धन अवस्था म्हणतात. तेव्हा ढग पश्चिमेकडे सरकतात आणि ऑस्ट्रेलिया कोरडा राहतो. २०१९ मध्ये ही अवस्था फार तीव्र होती. त्याच वर्षी भारतात मोसमी पाऊस सरासरीच्या ११० टक्के झाला आणि त्यालाही या डायपोलची साथ होती. एकाच महासागराने एका काठाला भिजवले, दुसऱ्याला सुकवले.

एरवी ओलसर घळी आणि सदाहरित रान हे वणव्याला नैसर्गिक बांध घालतात. तीन वर्षांच्या दुष्काळाने हे बांधच सुकले. सिडनीच्या वायव्येला गॉस्पर्स माउंटन इथे ऑक्टोबर २०१९ मध्ये वीज पडून लागलेली आग ५ लाख हेक्टरांवर पसरली. याच डोंगरांतल्या एका गुप्त ठेवलेल्या घळीत वोलेमाय पाइन ही प्राचीन वृक्षजाती तग धरून आहे. ती १९९४ मध्ये सापडली आणि जंगलातल्या तिच्या मोठ्या झाडांची संख्या शंभराच्या आत आहे. हेलिकॉप्टरमधून अग्निशामक उतरवून, झाडांभोवती पाणी शिंपणारी यंत्रणा बसवून ती झाडे वाचवण्यात आली. पिढ्यान् पिढ्या ओली असलेली घळ वाचवायला माणसाला पाणी न्यावे लागले, इतका तो दुष्काळ खोल होता.

आग पसरते कशी

आगीला उष्णता, प्राणवायू आणि इंधन लागते. जंगलात इंधन म्हणजे मुख्यतः पाचोळा, काटक्या, वाळके गवत आणि झुडपे. जाड खोडे सावकाश पेटतात. निलगिरीच्या पानांत तेल असते आणि काही जातींच्या सालीच्या लांब ढलप्या खोडावर लोंबत राहतात. पेटलेली साल वाऱ्यावर उडते आणि मुख्य आगीच्या कित्येक किलोमीटर पुढे जाऊन पडते. त्यामुळे रस्ता किंवा नदी आडवी आली तरी वणवा थांबत नाही. चढावर तो आणखी वेग घेतो. दर १० अंश चढाला वेग साधारण दुप्पट होतो.

अशा आगीपुढे माणसाची अवस्था काय होते, हे व्हिक्टोरिया राज्यातील मालाकूटा या किनारी गावाने ३१ डिसेंबर २०१९ रोजी पाहिले. रस्ते बंद झाले होते. सुमारे ४ हजार रहिवासी आणि पर्यटक पाण्याच्या कडेला जमले. सकाळीच आकाश रात्रीसारखे काळे झाले आणि मग लालभडक. वाऱ्याची दिशा बदलली म्हणून जमाव बचावला, पण गावातली अनेक घरे गेली. पुढे नौदलाच्या जहाजाने हजाराहून अधिक लोकांना तिथून हलवले.

आधीच जाळण्याचा उपाय

उष्णता आणि वारा माणसाच्या हातात नसतात, इंधन काही प्रमाणात असते. म्हणून थंड, मंद वाऱ्याच्या दिवसांत मुद्दाम लहान आग लावून पाचोळा जाळला जातो. कोकणात राब भाजणारा शेतकरी वारा पाहून, कडेचा पाला ओढून घेऊन आग लावतो आणि महाराष्ट्राचा वनविभाग उन्हाळ्याआधी जाळरेषा काढतो. त्यामागचे तत्त्व हेच आहे.

ऑस्ट्रेलियाच्या मूळ रहिवाशांकडे ही विद्या हजारो वर्षांची आहे. ते ठिकठिकाणी छोट्या, थंड आगी लावत. शेंडे शाबूत राहत, प्राण्यांना पळायला वाट मिळे आणि रानात जळालेल्या-न जळालेल्या तुकड्यांची गोधडी तयार होई. युरोपीय वसाहतीनंतर बऱ्याच भागांत ही प्रथा मोडली. उत्तरेकडील पश्चिम आर्नहेम लँडमध्ये २००६ पासून ती मोठ्या प्रमाणावर पुन्हा राबवली जात आहे. कोरड्या ऋतूच्या सुरुवातीला तिथे आग लावली जाते, त्यामुळे पुढचे मोठे वणवे आणि त्यांतून होणारे हरितगृह वायूंचे उत्सर्जन घटले आहे.

या उपायालाही मर्यादा आहेत. पाचोळा काही वर्षांत पुन्हा साठतो. जाळायला योग्य दिवस मोजके असतात आणि हवा तापत जाते तशी ही मुदत आखडते. वेळ चुकली तर आग हाताबाहेर जाते. पश्चिम ऑस्ट्रेलियात मार्गारेट रिव्हरजवळ नोव्हेंबर २०११ मध्ये अशाच नियोजित आगीने तीसहून अधिक घरे खाल्ली. ७ फेब्रुवारी २००९ च्या ‘ब्लॅक सॅटर्डे’ वणव्यात व्हिक्टोरियात १७३ माणसे गेली. त्यानंतरच्या चौकशी आयोगाने दरवर्षी किमान ५ टक्के सरकारी जमीन जाळावी असे सुचवले. काही वर्षांतच राज्याने हे उद्दिष्ट सोडले. आकडा गाठायला दूरचे निर्जन रान जाळणे सोपे पडते, धोका मात्र वस्तीच्या कडेला असतो. म्हणून किती हेक्टर जळाले याऐवजी धोका किती घटला, हे मोजायचे ठरले.

वाद आणि त्याचा निवाडा

‘ब्लॅक समर’मध्ये काही राजकारण्यांनी पर्यावरणवाद्यांमुळे जाळणी अडल्याचा आरोप केला. न्यू साउथ वेल्सच्या ग्रामीण अग्निशमन सेवेचे तत्कालीन आयुक्त शेन फिट्झसिमन्स यांनी जाळणी महत्त्वाची असल्याचे मान्य केले, पण तो रामबाण उपाय नाही आणि योग्य दिवस न मिळणे ही खरी अडचण आहे, असे स्पष्ट केले. आगी समाजकंटकांनी लावल्याचीही हवा उठली. त्या राज्याच्या पोलिसांनी १८३ जणांवर कारवाई केल्याचा आकडा जगभर फिरला, मात्र त्यांपैकी मुद्दाम वणवा लावल्याचा आरोप २४ जणांवरच होता. बाकीच्यांत आगबंदी मोडणारे आणि पेटती सिगारेट टाकणारे बरेच होते.

दुसऱ्या बाजूने इशारे जुने होते. अर्थतज्ज्ञ रॉस गार्नो यांच्या २००८ च्या अहवालात म्हटले होते की, वणव्यांचा हंगाम लवकर सुरू होईल, लांबेल, तीव्र होईल आणि २०२० पर्यंत हे उघड दिसू लागेल. एप्रिल २०१९ मध्ये ग्रेग मलिन्स यांच्यासह अग्निशमन आणि आपत्कालीन सेवांच्या २३ माजी प्रमुखांनी पंतप्रधानांची भेट मागितली. ती मिळाली नाही. त्याआधी २०१२ मध्ये लागू झालेली कार्बन उत्सर्जनावरील आकारणी २०१४ मध्ये रद्दही झाली होती.

नंतर शास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने हिशेब मांडला. वणव्याला पोषक अशा हवेची शक्यता मानवनिर्मित तापमानवाढीमुळे किमान ३० टक्क्यांनी वाढली होती. ऑक्टोबर २०२० मध्ये राष्ट्रीय चौकशी आयोगाने ८० शिफारशींचा अहवाल दिला. येत्या दोन दशकांत आणखी तापमानवाढ अटळ आहे, असे त्याने बजावले. पाचोळा कमी केल्याने आग आटोक्यात ठेवायला मदत होते, मात्र अतितीव्र हवेत त्याचा फारसा परिणाम दिसेलच असे नाही, हेही नोंदवले. २०२२ मध्ये देशाने २०३० पर्यंत उत्सर्जन २००५ च्या तुलनेत ४३ टक्क्यांनी घटवण्याचे उद्दिष्ट कायद्यात लिहिले आणि वणव्याच्या धोक्याची चार पायऱ्यांची नवी इशारापद्धत सर्व राज्यांत लागू केली.

‘पाचोळा की तापमान’ हा प्रश्नच मुळात चुकीचा होता. पाचोळा जाळावाच लागेल, तोही वस्तीजवळ आणि जाणत्यांच्या हातून. पण ज्या दिवशी पारा ४५ वर जातो, हवेत ओल उरत नाही आणि वादळी वारा सुटतो, त्या दिवशी साफ केलेले रानही पेटते. असे दिवस कमी करायचे तर कोळसा आणि तेल जाळणे कमी करावे लागेल, त्याला दुसरी वाट नाही. २०२० ते २०२२ या काळात पूर्व ऑस्ट्रेलियात भरपूर पाऊस झाला आणि जळालेल्या रानात पुन्हा गवत-झुडपे माजली. पुढच्या दुष्काळात तीच सुकून इंधन होतील. तोपर्यंतची ओली वर्षे हाच तयारीचा काळ आहे.