महाराजांच्या उपवासाचे ताट

मिरचीवरचा गेला भाग वाचून साताऱ्याकडच्या एका आजींचे पत्र आले. एकादशीची खिचडी परतताना शाळकरी नातीने त्यांना विचारले होते, "आजी, शिवाजी महाराजपण साबुदाण्याची खिचडीच खायचे का गं?" आजींनी तो प्रश्न जसाच्या तसा इकडे धाडून दिला. या आठवड्यात गडावरच्या पाण्याच्या टाक्यांबद्दल लिहायचे कबूल केले होते. पण इतका सुरेख प्रश्न हाती आल्यावर टाक्यांनी आठवडाभर थांबायला हरकत नाही.

उत्तर आधीच सांगून टाकायचे तर, नाही.

आजींची कढईच पाहा. साबुदाणा, बटाटा, दाण्याचे कूट, हिरवी मिरची. हे चारही जिन्नस मूळचे अमेरिका खंडातले. १४९२ साली कोलंबस तिकडे पोचला, त्याआधी यांतले काहीच आपल्याकडे नव्हते. जुने आणि ओळखीचे म्हणावे असे कढईत उरते ते तूप, जिरे आणि मीठ.

यांत साबुदाण्याची गोष्ट सगळ्यात नवलाची. नावातला 'साबू' म्हणजे मलाय भाषेतला 'सागू' हा शब्द. आग्नेय आशियातल्या एका ताडवर्गीय झाडाच्या खोडातून जे पिठूळ सत्त्व काढतात, तो खरा सागू. आपल्या वाण्याकडच्या साबुदाण्यात त्या झाडाचा अंशही नसतो. तो होतो कसावा नावाच्या दक्षिण अमेरिकी झुडपाच्या मुळांपासून. १८८० ते १८८५ या काळात त्रावणकोरच्या गादीवर असलेल्या विशाखम तिरुनाळ महाराजांनी आपल्या राज्यात या कंदाच्या लागवडीला उत्तेजन दिले. पुढे दुसऱ्या महायुद्धात आग्नेय आशियातून येणारा माल थांबला आणि तमिळनाडूतल्या सेलम भागात कसाव्यापासून साबुदाणा करण्याचा धंदा उभा राहिला. आजही आपला बहुतेक साबुदाणा तिकडूनच येतो. शिवरायांचे निधन १६८० सालचे. मधले अंतर मोजायला नातीला सांगावे.

बटाट्याचे नाव पोर्तुगीज असले, तरी शेतोशेती तो पसरला इंग्रजी अमलात. त्यातली एक हकिकत आजींच्या जिल्ह्यातलीच आहे. १८३० नंतरच्या दशकांत महाबळेश्वरला चिनी कैद्यांचा तुरुंग होता. पूर्वेकडच्या इंग्रजी वसाहतींतून आणलेल्या या कैद्यांनी तिथे भाजीचे मळे फुलवले आणि त्यांचा बटाटा नावाजला गेला. प्रतापगडाच्या शेजारच्या डोंगरावर चिनी माणसाने अमेरिकेचा बटाटा इंग्रजासाठी पिकवावा, यापेक्षा आणखी काय हवे!

भुईमुगाला आपण घरचेच नाव देऊन टाकले: भुईतला मूग. राजगिरा तर आपल्याला पुराणकाळचा वाटतो, पण त्याची जन्मभूमीही अमेरिकाच. मेक्सिकोतले ॲझ्टेक लोक राजगिऱ्याचे पीठ गोडाच्या पाकात मळून देवाच्या मूर्ती घडवत आणि पूजेनंतर तुकडे वाटून खात. स्पॅनिश पाद्र्यांना ते सहन झाले नाही आणि त्यांनी ही चाल मोडून काढली. तरी लाह्या पाकात थापून केलेली वडी तिथे अजून विकली जाते. तिचे नाव 'अलेग्रिया', म्हणजे आनंद. आपल्या राजगिऱ्याच्या चिक्कीशेजारी ठेवली तर कोणती कुठली, हे सांगता येऊ नये.

मग ही परकी मंडळी थेट उपवासाच्या ताटात कशी शिरली? व्रत कशाने मोडत नाही याची एक जुनी यादी धर्मशास्त्रात सांगितली जाते. त्यात पाणी, मुळे, फळे, दूध आणि औषधसुद्धा आहे. एकादशीला वर्ज्य ते अन्न, म्हणजे मुख्यतः धान्य. बटाटा, रताळे आणि कसावा जमिनीखालून निघतात, म्हणून ते मुळांच्या रांगेत बसले. शेंगाही भुईतूनच उपटायच्या. शिवाय जुन्या ग्रंथकारांनी हे जिन्नस पाहिलेच नव्हते, त्यामुळे निषेधाच्या यादीत त्यांची नावे येण्याचा प्रश्नच नव्हता. नव्या जिन्नसांना दार उघडे सापडले ते या वाटेने.

महाराजांच्या काळच्या ताटात काय असू शकत होते, हेही सांगता येते. वरी, शिंगाडा, सुरण, केळी, खजूर, दूध-दही, आले, मिरी, सैंधव. आणि कोकणातले करांदे. बाहेरून बटाट्यासारखे, पण साल काळपट आणि मुळांच्या केसांनी भरलेली. मीठ घालून उकडायचे, साल सोलायची आणि गरम असतानाच खायचे. जिभेवर किंचित कडवटपणा रेंगाळतो. कोकणात अनेक घरी उपवासाला ते अजून उकडतात. नातीला इतिहासाची चव द्यायची असेल, तर करांद्याइतका सोपा धडा नाही.

दुसरा धडा श्राद्धाच्या स्वयंपाकात आहे. एरवी झणझणीत खाणाऱ्या काही घरांत त्या दिवशी मिरचीला मज्जाव असतो आणि तिखटपणा येतो तो मिऱ्याचा. उपवासाने नवे जिन्नस आनंदाने घेतले, श्राद्धाने मात्र मिरची आणणाऱ्या पोर्तुगीजांच्या आधीची चूल धरून ठेवली. पितरांना त्यांच्या ओळखीचेच वाढावे, ही भावना त्यामागे असणार. इतिहासाच्या अभ्यासकाने दप्तरांइतकेच या दोन स्वयंपाकघरांकडे लक्ष द्यायला हवे.

म्हणून वाचकांना एक विनंती. आपल्या घरी श्राद्धाला मिरची चालते की मिरीच लागते, आणि उपवासाला साबुदाणा येण्याआधी काय करत असत, हे घरातल्या सर्वांत वडील माणसाला विचारून गावाच्या नावासह कळवावे. टाक्यांचे पाणी पुढच्या आठवड्यात.